मुकादमाची येझदी

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार. नागपंचमी.

गाडी घरी आली एकदाची. मामांच्या आखाड्यावरून छोटा हत्ती करून आणली. मागचं चाक जाम, दोन्ही टायरला भेगा, सीटमध्ये उंदरांचा संसार. अंगणात उतरवून पाना हातात घेतला तर आई आडवी आली. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा चुलीवर चढत नाही, "आणि तू लोखंडाला लोखंड लावायलास?" मग नुसती धुतली.

येझदी रोडकिंग, अडीचशे सीसी, आर.सी. बुकावर १९८४. मामा तेव्हा ऊसतोडीचे मुकादम होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याची उचल घ्यायची, सोनपेठ-गंगाखेडच्या तांड्या-वाड्यांवर फिरून कोयते जमवायचे आणि दिवाळीच्या आसपास टोळी घेऊन निघायचं. एक कोयता म्हणजे एक जोडपं. पाऊलवाटांनी फिरायला एस.टी. कामाची नव्हती, म्हणून ही गाडी. मागे वेल्डरकडून जोडून घेतलेलं अँगलचं जाडजूड कॅरिअर अजून तसंच आहे. त्यावर ज्वारीचं पोतं आणि पोत्यावर माणूस बसायचा म्हणे.

२३ ऑगस्ट

पिस्टन जाम आहे. प्लग काढून आत डिझेल आणि पातळ ऑइल ओतून ठेवलं होतं. आज पायाचा भार हळूहळू देऊन पाहिला, किक तसूभर हलली नाही. जोर करायचा नाही, एवढं मी स्वतःला बजावलंय. जोरानं किकचे दाते जातात आणि पिस्टन तिथंच राहतो.

संध्याकाळी सगळी गल्ली टीव्हीपुढे. सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान उतरलं, फटाके वाजले. मी परत डिझेल ओतलं.

२७ ऑगस्ट, रविवार

मिस्त्री चाचा आले. सत्तरी ओलांडलीय, दुकान केव्हाच पोराकडे दिलंय. पोरगा नव्या गाड्या करतो, लॅपटॉप लावून. येझदी म्हटल्यावर मात्र चाचा स्वतःच्या पायांनी आले. आधी त्यांनी गिअरचा दांडा आत दाबला, उलटा फिरवून वर घेतला, त्याची किक झाली. शेजारची पोरं बघतच राहिली. गिअर आणि किक एकाच दांड्यावर, ही या गाडीची जुनी खूण. आणखी एक खुबी त्यांनी दाखवली : गिअरचा दांडा दाबला की आतून क्लचही सुटतो, त्यामुळे क्लचची केबल तुटली तरी माणूस गिअर टाकत घरी पोचतो. मामा असेच एकदा परळीहून आले होते, केबलशिवाय.

हे डिझाइन चेकोस्लोव्हाकियातल्या जावाचं. म्हैसूरला आयडियल जावा कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या बनवायला घेतल्या, १९७३ पासून टाकीवर येझदी नाव आलं, १९९६ ला कारखाना बंद पडला. येझदी नाव २०२२ मध्ये बाजारात परत आलं, पण त्या चार स्ट्रोकच्या नव्या गाड्या. त्यांचा एक नटही हिला चालत नाही.

चाचांनी हेड उघडलं, लाकडाचा ठोकळा धरून हलकेच ठोकत पिस्टन सोडवला. रिंगा खाचेत चिकटलेल्या, सिलिंडरला उभे ओरखडे. चाचांनी बोट आत फिरवलं आणि म्हणाले, "बोअर करना पडेगा. पॉइंट पचास." मूळ बोअर ६५ मिलिमीटर, आता अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. मी नंतर गेज लावून पाहिलं. त्यांचं बोट बरोबर होतं.

४ सप्टेंबर

सिलिंडर परभणीला लेथवर आहे आणि मी इथं. शुक्रवारी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून बंद, रास्ता रोको. एस.टी. डेपोतच उभ्या. ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासून देशात इतका कमी पावसाचा ऑगस्ट झाला नाही, असं पेपरात आहे. सोयाबीन माना टाकायलंय. लोक विचारतात काय चाललंय, तेव्हा गाडीचं सांगायला जीभ रेटत नाही.

तरी हात चालू. दोन्ही सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेत. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या नळीत दगडासारखी बसते आणि इंजिनचा श्वास कोंडतो.

१४ सप्टेंबर. पोळा.

मामांकडे आता बैल नाहीत. मातीची जोडी पूजून दुपारी ते इकडेच आले आणि टाकीपाशी बसून राहिले. टाकी मी पॉलिशपेपरनं घासत होतो. वरचा निळा रंग गेला, खाली चकचकीत काळा निघाला. पुण्यात जुन्या गाड्या सजवणारा एक मित्र आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर : मूळ रंग दे, क्रोम कर, ते कॅरिअर कापून टाक, कंपनीचं नाही ते.

मामांना विचारलं, निळी कधी केली? बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "एका साली कोयते पळाले. उचल घेतलेली, दुसऱ्याच मुकादमासंगं गेले. कारखान्याची माणसं वसुलीला फिरायली होती. काळी येझदी कुणाची, म्हणून गावोगाव इचारायली. मग एका रातीत निळी केली." हे मामींनाही ठाऊक नव्हतं. आई कप गोळा करायला आली होती, ती तिथंच टेकली.

"मग आता काय करू? निळीच ठेवू?"

"काळी कर. आता कोण हुडकायलंय."

रंगाचं मामांनी ठरवलं, कॅरिअरचं मी ठरवलं : राहणार. कंपनीतून निघाली तशी गाडी करायची, तर ती जे काम करून म्हातारी झाली ते पुसून टाकावं लागतं. मित्राला तेवढं लिहिलं नाही, नुसतं "बघू" म्हटलं.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं हे पंच्याहत्तरावं वर्ष. सकाळी झेंडावंदन, दुपारी किक. बोअर केलेला सिलिंडर, नवा पिस्टन, पॉइंट घासून चार दशांश मिलिमीटरचं अंतर. लिटरला चाळीस मिली ऑइल, हे चाचांचं माप. एके काळी पंपावर टू-टीचं वेगळं हातयंत्र असायचं. आता बाटली आणून इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजलं.

लागली. पण पांढरा धूर थांबेचना, गल्ली भरली, समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे आत नेले. मिश्रणाच्या ऑइलचा धूर निळसर असतो आणि गाडी तापली की कमी होतो. हा कमी होत नव्हता. चाचांनी गिअर ऑइलची पातळी बघितली, उतरलेली. क्लचकडच्या बाजूचं क्रँकचं सील गेलंय; गिअरबॉक्समधलं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातंय. म्हणजे क्लच परत उघडा.

२४ सप्टेंबर

सील बदललं, धूर गेला. दोन्ही सायलेन्सरमधून तो जुना ठेका, डबडब-डबडब.

आता पेट्रोलचा कॉक गळतो. चाचांना तो बुचाच्या वॉशरचा दोष वाटतो. मला इथेनॉलचा संशय आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट जून २०२२ मध्येच गाठलं गेलं, वीस टक्क्यांचं पेट्रोल यंदा फेब्रुवारीपासून काही पंपांवर सुरू झालंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजवतं, जुन्या रबराला फुगवतं. आणि हे येतं कुठून, तर बरंचसं उसातूनच. मामांनी जन्मभर ज्या उसामागं हिला पळवली, तो आता हिच्या टाकीत उतरलाय. हे ऐकून मामा इतके हसले की ठसका लागला.

उपाय साधा : इथेनॉल सोसणारे वॉशर, आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी करून.

३ ऑक्टोबर

रस्त्यावर काढायची तर कागद हवेत. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मामांनी ते केव्हाच सोडून दिलेलं. पंचवीस नंबरचा फॉर्म, नूतनीकरणाचे हजार रुपये, उशिराबद्दल महिन्याला तीनशे, पाच वर्षांच्या पर्यावरण कराचे दोन हजार. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंद मिळते, हिला अजून अवकाश आहे. त्याआधी जुन्या आर.सी. बुकाची नोंद संगणकात चढवून घ्यावी लागेल, कारण तिथं ही गाडी दिसतच नाही.

बुकात रंग काळा लिहिलाय, ती अडचण मामांनीच मिटवली. कॅरिअरवर इन्स्पेक्टर हरकत घेईल का, हे एजंटालाही सांगता येईना. शुक्रवारी परभणी. गाडी परत छोट्या हत्तीतूनच न्यायची, चासी नंबरवरचा रंग खरवडून ठेवायचा, आणि मामांना सोबत घ्यायचं. सही त्यांचीच लागणार. ते आत्तापासूनच विचारायलेत, येताना तरी चालवत आणू देतील का.