हवा आत जाते की बाहेर येते?

निवृत्त होईपर्यंत मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. बाष्पदाब, उत्कलनबिंदू, डाल्टनचा आंशिक दाबांचा नियम, सगळं फळ्यावर काढून दिलं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं. घरच्या गाडीच्या टाकीत हाच धडा रोज घडत होता, तेव्हा मात्र मी दुकानातून एकेक सुटा भाग आणून बसवत होतो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. २००१ सालची छोटी हॅचबॅक, एमपीएफआय इंजिन, पस्तीस लिटरची टाकी. आम्ही अकोल्याचे, त्यामुळे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला तरी इथे कुणाला नवल वाटत नाही.

तक्रार अशी होती. पंपावर झाकण फिरवलं की 'फुस्स' असा जोरदार आवाज यायचा. थोडा आवाज सगळ्याच गाड्यांत येतो. आमच्या गाडीचा इतका मोठा की शेजारी उभा असलेला मोटरसायकलवाला दोन पावलं मागे सरकायचा. एकदा तर झाकणासोबत पेट्रोलचा फवारा उडून पंपावरच्या पोराच्या मनगटावर आला. मी त्यालाच म्हटलं, "हळू उघडायचं ना!" तो गप्प राहिला. घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी जाहीर केलं की या गाडीत बसलं की डोकं दुखतं. तेही मी वयावर ढकललं.

हा आवाज मी हिवाळ्यातल्या सकाळीही ऐकला होता. त्यावरून टाकी आतून हवा ओढते आहे, म्हणजे झाकणातला व्हॉल्व्ह गेला, असं निदान मी परस्पर करून टाकलं. झाकणात खरोखरच एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल वापरलं गेलं की तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते. मी बाजारातून स्वस्तातलं डुप्लिकेट झाकण आणलं. त्यात व्हॉल्व्ह नव्हताच, नुसतं प्लास्टिक आणि रबराची चकती. मूळ झाकण डिकीत टाकलं. एवढी एकच गोष्ट पुढे कामी आली, आणि तीही मी शहाणपणाने केली नव्हती, टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून केली होती.

उन्हाळा चढला तसा आवाज वाढला. मग मी 'प्रेशर' या शब्दाच्या मागे लागलो. एका गॅरेजमध्ये जाऊन रुबाबात सांगितलं, फ्युएल प्रेशर जास्त आहे. त्यांनी इंजिनाकडच्या रेलवर गेज लावलं. काटा तीन बारच्या आसपास स्थिर. रेग्युलेटर चांगला, पंप चांगला. तरी मी हट्टाने रेग्युलेटर बदलून घेतला. रेलमधला दाब आणि टाकीतल्या वाफेचा दाब यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला सुचायला हवं होतं. तीन बार म्हणजे तीनशे किलोपास्कल, आणि टाकीत चालतो तो जेमतेम काही किलोपास्कल. शंभरपटीचा फरक. परीक्षेत एखाद्या मुलाने एककात असा घोळ घातला असता तर मी लाल शाईने गोल काढला असता.

त्यानंतर सगळा राग इथेनॉलवर निघाला. सध्या गाडीला काहीही झालं तरी इथेनॉल हेच उत्तर असतं, आणि कट्ट्यावर त्याला सगळे माना डोलावतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात अधिकृतपणे आलं आणि हळूहळू सगळ्या पंपांवर पोचलं, ते खरंच. या आरोपात तथ्य अजिबात नाही असंही नाही. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा बरंच कमी उडतं. पण थोडं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. ही वाढ पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असते, वीस टक्क्यांना किंचित उतरते. वर्गात याला 'आदर्श द्रावणापासूनचं विचलन' म्हणायचं. म्हणजे इथेनॉलमुळे वाफ थोडी जास्त होत असेल, हे मान्य. पण त्या वाफेला जायला वाट का नाही, हा प्रश्न मी विचारलाच नाही. दोष सरकारच्या माथी मारल्यावर बॉनेट उघडायचं कारणच उरलं नाही.

सगळ्यात वाईट चूक पुढे आहे. नागपूरला जाताना रस्त्यात एका टायरवाल्याने सल्ला दिला की झाकणाला बारीक भोक पाडा, सगळे तेच करतात. घरी आल्यावर मी हातड्रिलने डुप्लिकेट झाकणाला भोक पाडलं. आवाज बंद झाला. मला इतका आनंद झाला की जावयाला फोन करून सांगितलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. आमची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, विजेच्या मीटरांपासून चार हातांवर उभी असते. गाडी कुठे उलटली असती तर त्याच भोकातून पेट्रोल बाहेर आलं असतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सगळं माहीत होतं.

त्या भोकाच्या झाकणासकट गाडी पीयूसीत पास झाली. तिथे सायलेन्सरमधून काय येतं ते मोजतात, टाकीतून काय जातं ते नाही.

पार्किंगमधल्या वासाची सोसायटीत तक्रार झाली, तेव्हा शेजाऱ्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे जवळजवळ ओढत नेलं. वय साठीच्या पुढचं, गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड. मी बदललेल्या भागांची यादी वाचायला घेतली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"सर, एवढं सगळं काहून बदललं? आवाज येते तवा हवा अंदर जाते का बाहेर येते?"

मला सांगता येईना. इतके महिने मी आवाज ऐकत होतो, पण झाकणापाशी तळहात धरून पाहिला नव्हता.

दुसरा प्रश्न, "पेट्रोल भरताना नोझल घडी घडी कट होते का?" नाही, पेट्रोल सुरळीत जायचं. मग भरताना टाकीतली हवा बाहेर सोडणारी, भरायच्या नळीशेजारची ब्रीदरची नळी मोकळी आहे, तिला हात लावायचा नाही. एका प्रश्नात अर्धी गाडी तपासण्यातून सुटली.

मग त्यांनी वाफेचा रस्ता समजावला, मला, रसायनशास्त्राच्या मास्तराला. टाकीच्या वरच्या बाजूने एक बारीक नळी निघते. मध्ये दोन्हीकडे उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तिथून ती पुढे बॉनेटखालच्या कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेला प्लास्टिकचा डबा. कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि उरलेली हवा डब्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर सोडतो. इंजिन गरम होऊन नीट चालू लागलं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, आणि इंजिन त्याच बाहेरच्या तोंडातून ताजी हवा खेचून कोळशातली वाफ जाळून टाकतं. म्हणजे हवेचं ते एक तोंड बुजलं की दोन्ही कामं अडतात. ऊन तापलं की दाब बाहेर पडत नाही, आणि रात्री टाकी थंड झाली की हवा आत येत नाही. माझ्या हिवाळ्यातल्या सकाळचा आवाज आत जाणाऱ्या हवेचा होता आणि मे महिन्यातला बाहेर पडणाऱ्या वाफेचा. मी दोन्हींना एकच समजलो होतो.

तपासणी अगदी साधी होती. भोकाचं झाकण त्यांनी भंगारात फेकलं. डिकीतलं मूळ झाकण लावलं, ते ठणठणीत होतं. गाडी उघड्यावर, बॅटरीची तार काढून. कॅनिस्टरला येणारी टाकीकडची नळी सोडवली. दुपारभर गाडी उन्हात ठेवली आणि झाकण उघडलं. आवाज नाही. म्हणजे टाकीपासून तिथपर्यंतची वाट मोकळी, मधला व्हॉल्व्हही ठीक. अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. मी मध्येच शहाणपणा करून एक नळी तोंडाने फुंकायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला. "थे फुकू नका सर, पेट्रोल हाये त्यात."

हवेच्या तोंडाला जोडलेली रबरी नळी खाली लोंबत होती. तिचं टोक मातीने गच्च बुजलेलं. रस्त्याची माती नव्हती, गुळगुळीत, नीट लिंपलेली होती. कुंभारीण माशी. भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात मातीचं घर करते तीच. आत वाळलेल्या अळ्यांची टरफलं होती.

हा माझाच करंटेपणा असं वाटून मी घरी आल्यावर वाचायला बसलो, तेव्हा जरा बरं वाटलं. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत आपल्या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या. पिवळा कोळी याच नळीत जाळं विणत होता, आणि टाकीत पोकळी होऊन ती तडकायची भीती होती. त्या कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो म्हणतात. आमच्या माशीला वासाशी काय करायचं आहे, तिला भोक मिळालं.

इथे गोष्ट संपली असती तर सगळं खापर माशीवर फोडून मी मोकळा झालो असतो. पण माती काढल्यावरही दाब पूर्ण उतरेना. कॅनिस्टर काढून हातात घेतला तर जड लागला, आणि हलवला तर आत डुचमळलं. कोळशात वाफ असायला हवी होती, तिथे पातळ पेट्रोल भरलं होतं. मेकॅनिकने फक्त एवढंच विचारलं, "ऑटो कटनंतर भरता का?"

भरतो. आयुष्यभर भरत आलो. नोझल खट् करून थांबलं की पंपावरचा मुलगा विचारतो, "राउंड फिगर करू?" आणि मी म्हणतो, "कर." नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर आलं की ते बुजतं आणि नोझल बंद होतं. त्याच्या वर टाकीत जी जागा राहते ती मुद्दाम ठेवलेली असते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून थंड पेट्रोल येतं. ते पंधरा अंशांनी तापलं तर पस्तीस लिटरमागे जवळपास अर्धा लिटर फुगतं. मी ती जागा राउंड फिगरने भरून टाकायचो, आणि फुगलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट कोळशात जायचं. दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक मेसेज फिरतो, टाकी फुल करू नका, स्फोट होईल. तो खोटा आहे, इंडियन ऑइलनेही तो जाहीरपणे खोडून काढला आहे. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी खुशाल भरावी. मी हा खुलासा लोकांना पुढे पाठवायचो, आणि स्वतः मर्यादेच्या वर भरायचो.

याला माझं गावातल्या गावात गाडी फिरवणंही पूरक ठरलं. बाजार, बँक, देऊळ. इंजिन पुरतं तापायच्या आत घर, त्यामुळे पर्ज व्हॉल्व्ह फारसा उघडायचाच नाही आणि कोळसा कधी कोरडा व्हायचा नाही. त्यात आमच्या गाडीला रिटर्न लाइन. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पुढे पाठवतो, उरलेलं इंजिनाच्या उष्णतेत तापून टाकीत परत येतं. टाकी निम्म्याखाली असेल तर तेवढं पेट्रोल लवकर तापतं. सुमारे ३८ अंशांना साध्या पेट्रोलचा बाष्पदाब ६० किलोपास्कलपर्यंत असू शकतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून जास्त. ही संख्या मी कुठेही न पाहता सांगू शकलो असतो.

नवा कॅनिस्टर मिळाला नाही. कबाड्याकडच्या तशाच गाडीचा कोरडा, हलका कॅनिस्टर मेकॅनिकने शोधून बसवला. जुन्यातले काळे दाणे पर्जच्या नळीत उतरले होते, ती नळी बदलली. हवेच्या नळीच्या तोंडाला त्यांनी बारीक जाळी बांधून दिली. ती दर पावसाळ्यानंतर काढून पाहायची, कारण जाळी चिखलानेही बुजते.

मे महिन्यात झाकण उघडताना अजून थोडा आवाज येतो, क्षणभर, आणि तळहाताला वाफ बाहेर येताना जाणवते. तेवढा यायचाच. फवारा पुन्हा उडाला नाही. पार्किंगमधला वास मात्र गेला नाही, कमी झाला आहे. टाकीवरच्या रबरी नळ्या चोवीस वर्षांच्या आहेत, आणि इथेनॉलची खरी चौकशी तिथे करायला हवी असं मेकॅनिकचं म्हणणं आहे. त्यासाठी टाकी उतरवावी लागेल. पेट्रोल खाली गेल्याशिवाय ती उतरवत नाहीत, म्हणून सध्या आम्ही गाडी शेगाव, मूर्तिजापूर अशी लांब लांब फिरवतो आहोत.