नोवा हुताच्या फाटकाशी

पोलंडमधल्या क्राकोच्या जुन्या शहरातून ट्राम पूर्वेकडे निघाली आणि अर्ध्या तासात मनोरे, बोळ सगळं मागे पडलं. समोर सरळ, रुंद रस्ते आणि करड्या इमारती. नोवा हुता, म्हणजे नवा पोलाद कारखाना. १९४९ मध्ये सुपीक शेतजमिनी घेऊन साम्यवादी सरकारने वसवलेलं हे शहर. १९७३ मध्ये इथे उभारलेला लेनिनचा पुतळा १९८९ मध्ये काढला गेला, आणि मुख्य चौकाला २००४ पासून चक्क रोनाल्ड रेगन यांचं नाव आहे.

कारखान्याच्या फाटकाशी उतरले. दोन्ही अंगांना राजवाड्यासारख्या कचेऱ्या, पण माणसांची वर्दळ नाही. सत्तरच्या दशकात इथे सुमारे ३८ हजार लोक राबत. नोकरीची शाश्वती होती. मांसासाठी मात्र रांगेत उभं राहावं लागे. ऐंशीच्या दशकात याच कामगारांनी 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेसाठी संप केले, पोलिसांचा मार खाल्ला.

१९८९ मध्ये साम्यवादी राजवट पडली आणि १ जानेवारी १९९० पासून नव्या सरकारचे अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली. बहुतेक किमती मोकळ्या झाल्या, अनुदानं छाटली गेली. दुकानं भरली. पण त्या वर्षी महागाई ५०० टक्क्यांच्या पुढे गेली, आणि १९९३ अखेर बेकारी १६ टक्क्यांवर पोहोचली. ज्यांनी राजवट हलवली, त्यांच्याच चुली आधी थंडावल्या, हे मला फार लागलं.

तरीही किमती मोकळ्या करणं भागच होतं, असं मी म्हणेन. पोलंडचं शहाणपण दिसतं ते कारखान्यांच्या बाबतीत. रशियाने १९९२ पासून घाईने खासगीकरण केलं आणि मोठे उद्योग मूठभरांच्या घशात गेले. पोलंडने मोठे कारखाने सावकाश विकले. नोवा हुताचा कारखाना २००४ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीकडे गेला, तोवर नव्या लोकशाहीची पहिली पंधरा वर्षं सरली होती. १९८९ चं उत्पन्न पुन्हा गाठणाऱ्या माजी साम्यवादी देशांत पोलंड सर्वांत पुढे राहिला. कारखान्यावरचा घाव मात्र टळला नाही: इथली झोतभट्टी २०२० मध्ये कायमची बंद झाली.

दुपारी 'बार म्लेच्नी'त, म्हणजे दूध-उपाहारगृहात शिरले. साम्यवादी काळातली ही स्वस्त खानावळ अजून चालू आहे. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे बिटाचं सूप पीत होते. अशा खानावळींना पोलंडचं सरकार आजही अनुदान देतं.