अमरगोळच्या वाटेवर

हुबळीहून धारवाडकडे निघालात की अमरगोळचा एपीएमसी बाजार लागतो. तिथल्या पिकअप गाड्या जरा न्याहाळा. सुक्या मेणसिनकाईची पोती उंच रचली तरी वजनाला हलकी. तेवढ्याच उंचीने उळ्ळागड्डी, म्हणजे आपला कांदा, भरला तर गाडी कण्हू लागते. हौदा भरला की भार बरोबर, हा हिशेबच खोटा.

टायरच्या कडेवर भाराचा आकडा असतो. 100 असेल तर त्या टायरने 800 किलो पेलावे, तेही हवा पुरेशी असताना. गाडीचे वजनही त्यातच आले. 2019 च्या दुरुस्तीपासून जादा भाराला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण भर उन्हात मागचा टायर फुटला, तर किंमत रुपयांत मोजता येत नाही. घरून पिकअप निघत असेल, तर एवढा आकडा वाचाच.