पदकांच्या यादीत काय नसते

एप्रिल संपत आला की पुण्यातल्या पोलीस ठाण्यांना एका यादीचे वेध लागतात. पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह. बोलताना सगळे ‘डीजी पदक’ म्हणतात. 1 मेला शिवाजीनगरच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर संचलन. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हुद्दा आणि नाव. काम कोणते, ते बहुधा नसतेच.

*

शौर्य, किचकट गुन्ह्याचा तपास, खेळ असे या सन्मानाचे प्रवर्ग आहेत. मला सर्वांत मोठा वाटतो तो 15 वर्षांच्या उत्तम सेवाभिलेखाचा. त्या हवालदाराने किती विसर्जन मिरवणुका लक्ष्मी रस्त्यावर उभ्याने काढल्या, वारीच्या किती बंदोबस्तांत घरचा सण हुकला, हे सेवापुस्तकात सापडत नाही. तिथे बक्षिसे आणि शिक्षा एवढेच. रोज मोहाशी आणि माणसांच्या संतापाशी गाठ पडणाऱ्या नोकरीत शिक्षेचा रकाना इतकी वर्षे कोरा राखणे मी शौर्याच्या बरोबरीचे मानतो.

*

डीजी पदकाखेरीज पोलिसांना मिळणारी राष्ट्रपती पदके 1951 पासूनची. नावे जाहीर होतात 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या निमित्ताने.

*

केंद्राचे आंतरिक सुरक्षा सेवा पदक, राज्याचे विशेष सेवा पदक. पुण्यातल्या एखाद्या निरीक्षकाच्या गणवेशावर ही दिसली तर बहुतेक वेळा उत्तर एकच: गडचिरोली. फौजदारकीची उमेदीची वर्षे भामरागड, एटापल्लीकडे गेलेली असतात. रामटेकडीच्या राज्य राखीव पोलीस दलाचे जवानही तिकडच्या बंदोबस्ताला जातात.

1 मे 2019. राज्यभर महाराष्ट्र दिनाची संचलने झाली, त्याच दिवशी गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली. 15 पोलीस गेले, आणि गाडीचा खासगी चालकही. आकडा सांगताना तो चालक अनेकदा गळतो. गळू नये.

*

एक मागणी, अगदी मनापासून. पुणे पोलिसांनी यादीत प्रत्येक नावापुढे दोन ओळी द्याव्यात: कोणते ठाणे, कोणते काम. गोपनीय असेल ते वगळा. पण ज्या पेठेत तो पोलीस रात्री गस्त घालतो, तिथल्या लोकांना त्याचा सन्मान कशासाठी झाला हे कळायला हवे. त्याच्या मुलांनाही.

*

26/11 च्या मुंबई हल्ल्यात पोलीस अधिकारी अशोक कामटे यांनी रंगभवनजवळच्या गल्लीत प्राण दिले. अंत्यसंस्कार पुण्यात, वैकुंठात झाले. 26 जानेवारी 2009 ला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शांतताकाळातला शौर्याचा याहून मोठा सन्मान देशात नाही. तरीही त्या रात्री नेमके काय घडले, मदत का पोहोचली नाही, हे त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांना कोणी आपणहून सांगितले नाही. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केले, नियंत्रण कक्षातल्या संभाषणांच्या नोंदी मिळवल्या, एकेक मिनिट जुळवले आणि पत्रकार विनीता देशमुख यांच्यासह ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले.