सूर्यास्तापूर्वीचा मांडव : पुण्यातील बागा, वाडे आणि आपली लग्नकार्ये

पुण्यात पत्ता विचारीत फिरताना बागांची नावे पावलोपावली भेटतात. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, सारसबाग, मोतीबाग, माणिकबाग. यांपैकी बहुतेक ठिकाणी आता नावापुरतीच बाग उरली आहे. तुळशीबागेत राममंदिराभोवती भांड्यांचा, बांगड्यांचा बाजार भरतो आणि तुळस मात्र शोधावी लागते. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले, पेठांतील हौद भरले आणि बागांना, वाड्यांतील कारंज्यांना बहर आला. पाणी, सावली आणि मोकळी हवा हेच त्या काळी वैभवाचे लक्षण मानले जात असे.

हीच ओढ गेल्या काही वर्षांत आपल्या लग्नकार्यांत पुन्हा दिसू लागली आहे. बंदिस्त मंगल कार्यालयाऐवजी हिरवळ, झाडे, जुनी गढी किंवा वाडा यांची निवड करणारी घरे वाढत आहेत. ही आवड चांगलीच आहे. परंतु कार्यालयाचे सभागृह आणि बाग यांत एक मोठा भेद आहे. सभागृहात दिवस-रात्र, ऋतू, वारा यांपैकी काहीच शिरत नाही. यजमान ठरवील तसे ते सजते. बागेला आणि वाड्याला मात्र स्वतःची वेळ असते, स्वतःची मर्यादा असते. ती ओळखली तर निम्मी शोभा विनासायास मिळते. न ओळखली तर लाखो रुपये खर्चूनही कार्य विस्कळीत होते. ज्यांच्या घरी यंदा मंगलकार्य योजिले आहे, त्यांनी याच दृष्टीने शहराचा एक फेरफटका मारावा, असे सुचवावेसे वाटते.

आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याने पुण्यातील सर्वांत गाजलेले लग्न पाहिले. फेब्रुवारी १७८३ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांचा विवाह थत्ते घराण्यातील रमाबाईंशी झाला. वर तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. सारी सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती. या लग्नाच्या व्यवस्थेसाठी नानांनी काढलेली लेखी याद इतिहासप्रेमींना परिचित आहे. मोठ्या कार्याची शोभा लेखी नियोजनावर उभी असते, हे त्या कुशल कारभाऱ्याने नेमके ओळखले होते. व्यापारी घरांना हे निराळे सांगायला नको. दुकानाची खतावणी आपण जितक्या काटेकोरपणे ठेवतो, तितकीच लग्नाची याद ठेवली, तर आयत्या वेळची धावपळ पुष्कळशी टळते.

शनिवारवाड्यात आज तटाच्या आत जोती, हौद आणि हजारी कारंजाचे अवशेष तेवढे दिसतात. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत नष्ट झाला आणि जवळच्या विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ बसली. सागवानी वाड्यात लग्न करू इच्छिणाऱ्यांनी या तीन वाड्यांची कथा ध्यानात ठेवावी. चवरीतील अग्नी उघड्या चौकात, लाकडी खांबांपासून दूर असावा. माळांच्या दिव्यांच्या तारा जुन्या तुळयांवरून ओढू नयेत. आतषबाजी तर मुळीच नको.

तेथून बाजीराव रस्त्याने थोडे पुढे गेले की विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. त्याची दर्शनी बाजू निवांतपणे न्याहाळावी. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, महिरपी कमानी, लाकडावरील नाजूक कोरीव काम. सजावटीचा मोठा धडा या दर्शनी भागातच आहे. सुतारांच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांतून घडलेल्या अशा खांबाला झालर गुंडाळून झाकणे म्हणजे सोन्याला मुलामा देणे होय. वाड्याचे रंग मुळातच ठरलेले असतात : सागाचा गडद तपकिरी, चुन्याचा पांढरा आणि दगडाचा काळा. त्यांवर हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल आणि पितळेची झळाळी एवढेच शोभून दिसते. बांधणी, खण किंवा पैठणीचे पट, दारी आंब्याच्या पानांचे तोरण, जोत्यावर रांगोळी आणि कोपऱ्यात समया यांपुढे फारसे काही लागत नाही.

आता प्रश्न उरतो, ऐतिहासिक वास्तूत लग्न करता येते का? शनिवारवाडा आणि आगाखान राजवाडा ही दोन्ही स्थळे केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकात सरकारी परवानगीवाचून भोजन किंवा स्वागत समारंभ करता येत नाही. आगाखान राजवाड्याची हिरवळ व कमानी पाहून कोणालाही मोह पडावा. १८९२ मध्ये, दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे या हेतूने तो उभारला गेला, असे सांगतात. पण त्याच आवारात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. ब्याण्णवच्या ऑगस्टपासून नव्हे, तर १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजी तेथे बंदिवासात होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तेथेच देह ठेवला. काही स्थळे मस्तक नमवून परतण्यासाठी असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेल व समारंभांसाठी देण्याच्या बातमीने महाराष्ट्रात केवढा क्षोभ उसळला होता, हे वाचकांना आठवत असेल. अखेर शिवकालीन महत्त्वाच्या किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. ज्या जागेशी लोकांची श्रद्धा जडलेली आहे, तेथे आपल्या आनंदाचा गाजावाजा शोभत नाही.

खासगी मालकीच्या गढ्या आणि वाडे यांची गोष्ट वेगळी. दिवे घाट चढून सासवडकडे जाताना जाधववाडी येथे पिलाजीराव जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आहे. जाधवगड या नावाने आता तेथे हॉटेल चालते आणि लग्नेही होतात. घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव, वर पुरंदरचा मोकळा माळ आणि मध्ये दगडी तट, असा हा प्रवासही देखणा आहे. अशा ठिकाणचा मांडव ठरविताना मात्र जागा केवळ डोळ्यांनी पाहू नये. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या पायांनी ती चालून पाहावी. गढीला पायऱ्या असतात, फरसबंदी उंचसखल असते, वाहनतळ दूर असतो. आजी-आजोबांना चवरीपर्यंत कसे नेणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय जागेचा विसार देऊ नये. पाहुण्यांची संख्याही वास्तूच्या आकारानुसार ठरवावी. तीनशे माणसांच्या चौकात हजार माणसे लोटली, तर वाडा दिसतच नाही, केवळ गर्दी दिसते.

गढीवरून शहरात परतावे आणि रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन पाहावे. सुमारे ३९ एकरांच्या या बागेची व्यवस्था ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था पाहते. जानेवारीतील पुष्पप्रदर्शनासाठी पुणेकर तेथे गर्दी करतात; परंतु एरवी एखाद्या सकाळी जाऊन तेथील जुन्या वृक्षांखाली नुसते बसावे. सकाळी नऊला सावली कोठे पडते, दुपारी ती कशी सरकते, चारनंतर प्रकाश पानांतून कसा तिरपा उतरतो, हे एकदा पाहिले की आपल्या बागेतील मांडवाचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हे कळू लागते. वधूवरांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये आणि पाहुण्यांनाही सूर्याकडे पाहत बसावे लागू नये, एवढी काळजी बहुधा पुरते.

म्हात्रे पूल ते राजाराम पूल या नदीकाठच्या रस्त्यावरील लॉन्स पुणेकरांच्या परिचयाची आहेत. अशी जागा ठरविताना यजमानाने दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. बांधकाम पूररेषेच्या आत तर नाही ना, आणि महापालिकेच्या परवानग्या पूर्ण आहेत ना? पत्रिका वाटून झाल्यावर जागेवर कारवाई झाली, तर नामुष्की यजमानाच्या पदरी येते. हिरवळीवर पाणी देणे दोन दिवस आधी थांबवावे, नाहीतर खुर्च्यांचे पाय रुततात. चालण्याच्या वाटेवर सतरंज्या अंथराव्यात; गवत तुडवले जात नाही आणि पाहुण्यांचे जोडेही भिजत नाहीत. झाडांना खिळे ठोकू देऊ नयेत. पुण्यातील तरुणांनी काही वर्षांपूर्वी झाडांतील खिळे उपटून काढण्याची मोहीम चालविली होती. त्याच झाडांत आपल्या मंगलदिनी नवे खिळे रोवले जावेत, हे विपरीत होय. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर कायद्यानेच बंद असतात, आणि सजावटीतील थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

आपल्या धर्मात याला एक नेमका शब्द आहे : जयणा. प्रत्येक कृती जीवमात्राला कमीत कमी इजा होईल अशी, जागरूकपणे करणे. बागेतील लग्नात ही जयणा पदोपदी उपयोगी पडते. हजारो तोडलेल्या फुलांच्या भिंतींऐवजी कुंड्यांतील जिवंत झाडे मांडली, तर ती दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना भेट देता येतात. फुले हवीच असतील तर हंगामाची घ्यावीत. हिवाळ्यात शेवंती आणि झेंडू, उन्हाळ्यात मोगरा. उघड्या ज्योतीवर कीटक येऊन पडतात. त्यासाठी जुन्या वाड्यांतील काचेच्या हंड्यांसारखी सुंदर सोय नाही. ज्योत वाऱ्यापासून सुरक्षित राहते आणि जीवही वाचतात.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. नातलगांतील एका स्वागत समारंभात सत्तरी ओलांडलेल्या, चौविहार पाळणाऱ्या एका आजींना सायंकाळी पावणेसहा वाजता वाहनतळावर, मोटारीत बसून पर्समधील खाखरा खाताना मी पाहिले आहे. आत भोजनाचे चाळीस पदार्थ मांडले जायचे होते, साडेआठ वाजता. आजींनी तक्रार केली नाही. हसून म्हणाल्या, ‘‘बेटा, मला सवय आहे.’’ ज्यांच्या आशीर्वादासाठी कार्य करायचे, तेच उपाशी परतत असतील, तर त्या चाळीस पदार्थांचा उपयोग काय?

आणि येथेच बाग आपल्या मदतीला येते. पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यास साडेसहाच्या सुमारास आणि मेच्या मध्यास सातच्या सुमारास. बागेतील सर्वांत सुंदर प्रकाश सूर्यास्तापूर्वीच्या तासा-दीड तासात असतो. छायाचित्रकारही त्याचीच वाट पाहतात. म्हणजे आपला नियम आणि बागेचा नियम एकच आहे. चातुर्मास कार्तिक पौर्णिमेला संपतो, तेव्हा पाऊसही सरलेला असतो. अनेक घरांत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, धनुर्मासात, लग्ने होत नाहीत. त्यामुळे कडाक्याच्या थंडीचे बरेच दिवसही आपोआप टळतात.

डिसेंबरच्या आरंभीचे लग्न असेल, तर दिवस असा आखता येईल. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी, तेव्हा न्याहारी आठला. वरात साडेनऊला, फेरे अकरा ते बारा, भोजन साडेबारापासून. स्वागत समारंभ दुपारी साडेतीनला सुरू करावा, जेवण सव्वाचारला मांडावे आणि साडेपाचला शेवटची पंगत उठावी. सूर्यास्तानंतर संगीत, भक्तिगीते, गप्पा खुशाल चालू द्याव्यात. मात्र वाढप नको. गोरज मुहूर्ताचा आग्रह असेल, तर भोजन फेऱ्यांच्या आधी ठेवावे. पत्रिकेवर ‘भोजन सायंकाळी सव्वाचार ते साडेपाच’ असे ठळक छापावे. पाहुणे वेळेवर येतात. दुकान बंद करून येणाऱ्यांची अडचण होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच असे कार्य रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी योजावे.

या आखणीत खर्चही घटतो, हे व्यापारी वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दिवसाउजेडी होणाऱ्या समारंभाला दिव्यांच्या झगमगाटाची गरज नसते, जनरेटर कमी लागतात आणि कंदमुळे वगळलेला, मोजक्या पदार्थांचा स्वयंपाक ताजा राहतो. १९८५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेच्या कार्याच्या मुळाशी हुंडा आणि लग्नातील उधळपट्टीची चिंता होती. सामूहिक विवाहांचा मार्ग त्यातूनच पुढे आला. प्रत्येकाला तो मार्ग स्वीकारता येईल असे नाही. पण एका घराने मोठा मांडव घातला की दुसऱ्या घराला त्याहून मोठा घालावा लागतो, आणि मध्यम परिस्थितीतील बाप कर्जाच्या चिठ्ठीवर सही करतो, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. समाजातील संपन्न घराने सूर्यास्तापूर्वी आटोपणारे, नेटके, हिरव्या सावलीतील लग्न केले, तर इतरांनाही तसेच करण्यात कमीपणा वाटणार नाही.

जागा पाहायला निघाल, तेव्हा सोबत घड्याळ, वही आणि घरातील एक वडीलधारी व्यक्ती असू द्या. सूर्य मावळेपर्यंत तेथेच थांबा, कोणत्या वेळी कोठे किती उजेड असतो ते लिहून घ्या, आणि मगच मुहूर्ताची व विसाराची बोलणी करा.