एकसाली

आमच्या वडिलांची सारी हयात मामलेदार कचेरीच्या दफ्तरात गेली, त्यामुळे यच्चयावत् मालमत्तेचे ते ‘एकसाली’, म्हणजे वर्षापुरती, आणि ‘मिरास’, म्हणजे वंशपरंपरेची, असे दोनच वर्ग मानीत. आणि चार कोपऱ्यांना पेच असलेल्या लाकडी चौकटीत आवळलेली एक जुनी रॅकेट मी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून घरी आणली, तेव्हा तिच्या तुटक्या तारेकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला तो गटिंगच्या खर्चाचा. तो वाचावा म्हणून मी ते काम स्वतःच शिकलो: आधी उभ्या तारा ओढायच्या, मग चटई विणावी तशा आडव्या तारा एक वरून, एक खालून ओवायच्या, एका रॅकेटला सुमारे १२ मीटर तार.

पुढे व्यावसायिक म्हणून जे टेनिस मी खेळलो, ते दूरचित्रवाणीवरचे नव्हे. १०,००० डॉलरांच्या फ्युचर्स स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरणाऱ्याच्या पदरी शंभर-सव्वाशे डॉलर पडत, आणि मी तर बहुधा पात्रता फेरीतच गारद होई. म्हणून रात्री लॉजच्या खाटेवर बसून इतरांच्या रॅकेटी गट करून देई, आणि कित्येक आठवडे त्या मजुरीवरच परतीचे तिकीट निघे.

चौथ्या वर्षी मुख्य फेरीतला एक सामना मी जिंकलो. त्याचा एक पॉइंट मिळाला, आणि १९७३ पासून संगणकावर चालत आलेल्या जागतिक क्रमवारीत, हजाराच्या बऱ्याच पलीकडे, माझे नाव दाखल झाले. हा पॉइंट ५२ आठवडे चालतो, नंतर आपोआप खारीज होतो, असे मी सांगितले, तेव्हा चष्मा पुसत वडील एवढेच म्हणाले, “म्हणजे एकसाली.”

आणि झालेही तसेच. पुढल्या वर्षी त्या जमिनीत पुन्हा पीक आले नाही, आणि नाव उतरले.

आता ओसरीवर गटिंगचे यंत्र आहे. आळीतली मुले रॅकेटी टाकून जातात. परवा त्यांतल्या एकाने विचारले, “काका, तुमची रँक किती होती?” मी आकडा सांगितला, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते, त्याच्याशी बोलता बोलता, खाली न पाहताच, एक वरून, एक खालून आडवी तार ओवीत जाणारी माझी बोटे तो पाहत राहिला होता. ही चीज कोणत्या वर्गात घालावी, हे विचारायला आता वडील नाहीत.