पार्कलेनच्या सीटीसीत

सुलतान बाजारहून मेट्रोने परेड ग्राउंड, तिथे लाईन बदलून पुढचंच स्टेशन पॅराडाइज. बिर्याणीचा मोह टाळलात तर सिकंदराबादच्या पार्कलेनवरचं चिनॉय ट्रेड सेंटर चालत गाठता येतं. हैदराबादकरांचं ‘सीटीसी’. कॉम्प्युटरच्या सुट्ट्या भागांसाठी आपण सगळे इथेच येतो.

भाच्याने पहिल्या पगारातून पैसे बाजूला काढले होते. त्याच्याकडे बी४५० बोर्ड, रायझन ५ १६०० आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम. पहिल्या दुकानात सल्ला मिळाला, “पूरा नया लेलो भय्या!” नवं म्हणजे एएम५ सॉकेट, आणि त्यात डीडीआर५च चालते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, तिन्ही विकत. ग्राफिक्स कार्डाला पैसे उरणार नाहीत.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी आधी बोर्डाचं मॉडेल विचारलं. ते एएम४ सॉकेटचं. कंपनीच्या यादीत नाव असेल तर बायॉस अपडेट करून त्यावर रायझन ५ ५६०० बसतो. अपडेट मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं, नाहीतर स्क्रीन काळीच राहील. प्रोसेसर कडेने धरायचा. पिना त्याच्याच पोटाला असतात, वाकल्या की संपलं.

बोर्डच मेला असेल तर मी सरळ एएम५ घेईन. जुन्या सॉकेटचा नवा बोर्ड कशाला?

भाच्याने सीलबंद ५६०० घेतला, जीएसटीचं बिल मागून घेतलं, आणि उरलेल्या पैशांत कुठलं कार्ड बसतं ते विचारायला आम्ही वरच्या मजल्यावर गेलो.